दहिवरची जागा

त्या तळ्यात कोणालाच ठरलेली जागा नव्हती. थेंब एकमेकांच्या अंगावरून घसरत, कधी तळाच्या चिखलात शिरत, कधी वर येत. ऊन लागलं की एखादा वाफ होऊन निघून जाई आणि चार महिन्यांनी ढगांतल्या गप्पा घेऊन परते. भांडणं होत, धक्काबुक्की होई. पण अडवणारं कोणी नव्हतं.

पाझरी आणि तिची थोरली बहीण दहिवर याच तळ्यातल्या.

एका दुपारी उत्तरेकडून गारवा आला. बोलायला मऊ, वागायला अदबशीर. आपण गारठा महाराजांचे कारभारी आहोत, असं त्याने सांगितलं.

"तुमची ही ओढाताण महाराजांना बघवत नाही," तो म्हणाला. "प्रत्येकाला हक्काची जागा मिळेल. सगळ्यांच्या वर, आभाळाला लागून. फक्त एकमेकांचे हात धरायचे आणि हलायचं नाही."

दहिवर हुरळली. जन्मभर तिला कोणी ना कोणी ढकलतच आलं होतं.

"ताई, हलायचं नाही म्हणजे किती दिवस?" पाझरीने विचारलं.

"तुला मेलीला सगळ्यातच खोट दिसते. मला जरा स्वस्थ उभं राहू दे."

ती काठाजवळच्या रांगेत गेली. सहा जणांचं एक कडं, कड्याला जोडून दुसरं कडं. मधली जागा मोकळी ठेवायचा हुकूम होता. कोणी कोणाच्या कुशीत शिरायचं नाही. त्यामुळे तेवढ्याच थेंबांना जागा जास्त लागू लागली आणि ते हलके होऊन वरच तरंगत राहिले. कडी काठाकडून मध्याकडे सरकली. तिसऱ्या दिवशी तळं मिटलं. उजेड राखाडी झाला, वाफ होऊन जायची वाट बंद झाली.

पाझरी रोज खालून बहिणीला हाक मारी.

"छान आहे गं," दहिवर पहिल्यांदा म्हणाली. "इथून सगळं दिसतं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "हात जरा आवळलेत."

त्यानंतर ती बोललीच नाही.

हात धरलेल्या थेंबांचं ते छत मात्र रोज जाड होत गेलं. आपल्या माणसाला शोधत जे वर येत, तेच छताला चिकटून राहत. एकदा पाझरीही बहिणीला बिलगली आणि तिची कूस बधिर झाली.

"ये ना," गारव्याचा आवाज अगदी कानाशी आला. "ताईच्या शेजारची जागा तुझ्यासाठीच ठेवली आहे."

पाझरीने सगळा जीव एकवटून अंग सोडवलं आणि ती खाली बुडाली. तळाशी जड, जेमतेम कोमट पाणी होतं. मासे श्वास मोजत पडले होते. ती त्यांच्यात पडून राहिली.

मग एका सकाळी तळ हादरला. पाझरी घाबरत घाबरत वर गेली, पण छताला न शिवता हातभर खालीच थांबली.

दहिवरच्या पारदर्शक अंगातून तिला घोड्यांचे नाल दिसले. एकामागून एक, खिळ्यांसकट. नालांमागून रथांची चाकं. महाराजांचं सैन्य पलीकडच्या काठाकडे निघालं होतं. तिकडे एक दुसरं तळं अजून लाटा मारत होतं. सगळ्यांच्या पुढे गारवा चालला होता, रिकाम्या हातांनी, आवाज मऊ करत.

दहिवरला साधा तडासुद्धा गेला नाही.