गुंजी मुंगी आणि थांबलेलं गुऱ्हाळ

कान इकडे करा. अजून थोडे. हां!

ही आहे गुंजी. गुंजी म्हणजे मुंगी. इवलीशी, पण भारी चिवट.

गुंजीची धाकटी बहीण चिमी. चिमीला आला होता ताप. चार दिवस ती काही खाईना. आज डोळे उघडून म्हणाली, "ताई, गूळ खाते."

गुंजीला किती आनंद झाला! शोधता शोधता दूर झाडाखाली तिला गुळाचा एकच खडा सापडला. तिने तो डोक्यावर घेतला. तुरुतुरु, तुरुतुरु घरी निघाली. वाटेत होतं डबकं. पाय घसरला. बुळुक! खडा पाण्यात. गेला विरघळून.

गुंजी रडली. मग डोळे पुसले आणि निघाली गुऱ्हाळात. गुऱ्हाळ म्हणजे उसाचा गूळ करतात ती जागा.

तुरुतुरु, तुरुतुरु.

गूळ करणारे नाना बसले होते जांभया देत.

"नाना, नाना, गूळ करा.
गूळ नाही, चिमी खात नाही."

"रस तापला नाही, गूळ कसा करू? आधी आक्का, मग मी!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

जाळ घालणारी हौसाक्का बसली होती चुलीपाशी. चुलीवर ही मोठी कढई. तिला म्हणतात काहील.

"आक्का, आक्का, जाळ घाल.
जाळ नाही, नाना गूळ करत नाहीत.
गूळ नाही, चिमी खात नाही."

"अगं बाई, काहिलीत रस कुठाय? रिकामी काहील जळंल की! आधी मामा, मग मी!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

घाण्यात ऊस पिळणारे खंडूमामा बसले होते पाय पसरून.

"मामा, मामा, रस काढा.
रस नाही, आक्का जाळ घालत नाही.
जाळ नाही, नाना गूळ करत नाहीत.
गूळ नाही, चिमी खात नाही."

"ऊस आला नाही, तर पिळू काय? माझी टोपी? आधी पवळ्या, मग मी!"

तुरुतुरु, तुरुतुरु.

उसाची गाडी ओढणारा पवळ्या बैल बसला होता झाडाखाली. तोंड फिरवून.

"पवळ्या, पवळ्या, ऊस आण.
ऊस नाही, मामा रस काढत नाहीत.
रस नाही, आक्का जाळ घालत नाही.
जाळ नाही, नाना गूळ करत नाहीत.
गूळ नाही, चिमी खात नाही."

पवळ्या म्हणाला, "हंबा! नाही जा. आधी गूळ, मग मी! नाना मला रोज गूळ देतात. आज दिला नाही. माझी आठवणच नाही कुणाला."

बिचारा पवळ्या! रुसला होता.

"अरे वेडोबा, गूळ संपलाय! तू ऊस आणल्याशिवाय होणार कसा?"

"आँ? उसाचा नि गुळाचा काय संबंध? गूळ तर नानांच्या खिशात असतो!"

घ्या! रोज ऊस ओढायचा, रोज गूळ खायचा. पण पवळ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो बाहेरच्या बाहेर ऊस टाकायचा आणि निघून जायचा.

गुंजी चढली त्याच्या नाकावर.

"ऐक. तू ऊस आणतोस. मामा रस काढतात. आक्का जाळ घालते. नाना गूळ करतात."

"म्हणजे त्या गुळात मी पण असतो?"

"तू तर सगळ्यांच्या आधी असतोस!"

पवळ्याचे कान ताठ झाले. शेपूट ताठ झालं. पवळ्या उठला!

खडखड खडखड! ऊस आला.
ऊस आला, मामा उठले. करकर करकर! रस आला.
रस आला, आक्का उठली. भडभड भडभड! जाळ झाला.
जाळ झाला, नाना उठले. रटरट रटरट! रस उकळला. नाना ढवळतायत, ढवळतायत...
झाला गूळ! पिवळाधमक!

नाना म्हणाले, "ये रे पवळ्या, आज तू आत ये. बघ तुझा गूळ!"

पवळ्या आत आला. नानांनी खडा पुढे केला. पवळ्याने जीभ काढली. मग पटकन आत घेतली.

"आधी चिमी," पवळ्या म्हणाला. "मग मी."

नानांनी इवलासा खडा मोडला. गुंजीने डोक्यावर घेतला. डबकं आलं. या वेळी गुंजी गेली लांबून. तुरुतुरु, तुरुतुरु, थेट घरी.

चिमीने खडा चाटला. एकदा. दोनदा.

"गोड आहे?" गुंजीने विचारलं.

चिमी उठून बसली. म्हणाली, "ताई, अजून!"