उकळत्या पाण्यातली चादर

एकदा एका डोंगरपायथ्याच्या आश्रमात एक शिष्य अंथरुणांची व्यवस्था पाहत असे. तिथे आजारी वाटसरू उतरत, आणि अंथरुणे पांढरीच घालायची असा आश्रमाचा दंडक होता. शिष्य चादरी सोड्याच्या पाण्यात उकळी, नीळ देई आणि उन्हात ताणून वाळत घाली. त्या इतक्या लख्ख दिसत की गुरुबंधू चेष्टेने म्हणत, "याच्या चादरीवर निजायचं तर आधी आंघोळ, मग परवानगी!"

एके दिवशी उजाडताना त्याच्या स्वतःच्या चादरीवर, उशीजवळ, रक्ताचा डाग दिसला. नुकतीच खोकल्याची उबळ येऊन गेली होती. त्याचा थोरला भाऊ असाच खोकत गेला होता. घरच्यांनी आधी त्याची भांडी वेगळी केली, मग खोली, आणि शेवटी त्याचे नाव घेणेही सोडले. इथे कळले तर आश्रम सुटेल, आणि जायला दुसरी जागा नाही.

कुणी पाहण्याआधी त्याने चादर उकळत्या पाण्यात टाकली. तेल, घाम, काजळी सारे उकळीने निघते, मग हेही निघेल, असे त्याला वाटले. पण डाग तपकिरी होऊन जागीच बसला. त्याने आच वाढवली, दुप्पट नीळ दिली, तर डागाभोवती निळसर वर्तुळ उमटले. घाबरून त्याने ती चादर सरपणामागे कोंबली. डाग पुढेही पडत राहिले, सरपणामागचा ढीग वाढत गेला. तो पंगतीत दूर बसू लागला. आपल्यामुळे एखाद्या वाटसरूला काही झाले तर, हा विचार त्याला छळे. तरी तो कुणाला सांगत नसे.

एका सकाळी आश्रमाचे आचार्य आपली धुतलेली चादर घेऊन, चादरी उकळायच्या चुलाणापाशी आले. त्यांनी विळी मागितली आणि शिष्याच्या देखत पात्यावर बोट ओढले.

"गुरुजी! हे काय करताय?"

आचार्यांनी चादरीच्या दोन्ही टोकांवर रक्त टिपले. "हे टोक उकळत्या हंड्यात बुडव. ते गार पाण्यात. आणि माझ्याकडे काय बघतोस, चादरीकडे बघ."

शिष्याने तसे केले. गार पाणी लालसर झाले आणि ते टोक चोळता चोळता पांढरे झाले. उकळत्या पाण्यातल्या टोकावर तपकिरी डाग बसला. तो शिष्याच्या चांगलाच ओळखीचा होता.

आचार्य हळूच म्हणाले, "रक्त उष्णतेने धाग्यात शिजतं. गार पाण्यात सुटतं. पण पाणी लाल होतं, आणि ते कुणी पाहील हे सोसावं लागतं. सरपणामागचा ढीग मी पाहिला. तुला ते सोसवलं नाही, म्हणून तू आच वाढवत गेलास. अरे, आपण अंथरुणं पांढरी का घालतो? रंगीत चादर महिनाभर स्वच्छच दिसते. पांढरीवर जे झालं ते त्याच दिवशी कळतं, आणि त्याच दिवशी धुता येतं."

शिष्याने विचारले, "मला घालवून द्याल?"

"वैद्य काय सांगतील ते मला ठाऊक नाही. कदाचित वेगळं निजावं लागेल. ते ऐकायची मलाही धास्ती आहे. पण तुझ्या खोलीचं दार मी रोज उघडीन, आणि तुला नावानंच हाक मारीन."

शिष्याने चुलाणातली लाकडे बाहेर ओढली. मग म्हणाला, "आज पुन्हा रक्त पडलं, गुरुजी. कालच्याहून जास्त."

सांगून झाले होते. आचार्यांनी बोटाला चिंधी बांधली, आणि दोघे वैद्यांच्या घराकडे निघाले.

डाग दिसला की पाणी तापवण्याआधी आपणही कुणाला तरी हाक मारावी.