पात्यावरची खाच

ही कथा मी तरुणपणी एका व्याख्यानात ऐकली. वक्ता कोण होता ते आता आठवत नाही, आणि तपशिलात माझी भर पडली नसेल अशी खात्रीही नाही. तरी सांगतो.

एकदा जपानात एक वृद्ध सुतार मंदिर उभारत होता. त्याच्या शिष्याकडे दिवंगत वडिलांचा रंधा होता. शेवटच्या कामात वडिलांचं पातं लाकडात लपलेल्या जुन्या खिळ्यावर आदळलं आणि धारेला बारीक खाच पडली. शिष्याने ती कधी घासून काढली नाही. त्यामुळे त्याने रंधलेल्या प्रत्येक लाकडावर एक उंच रेघ राही.

"हा खांब रागावलाय का रे?" वृद्धाने विचारलं. "शीर फुगलेली दिसते."

शिष्य हसला नाही.

"पातं घासून घे."

"नको, गुरुजी. बाबांचं एवढंच उरलंय."

"मग रंधा घरी देवापुढे ठेव आणि तूही तिथेच बस. देवळाच्या खांबाला अशी रेघ चालणार नाही."

शिष्याला काम सोडवत नव्हतं आणि खाचही पुसवत नव्हती.

वृद्धाने एक तुळई पुढे ओढली. तिचं टोक खांबाच्या खोबणीत जायचं होतं. "इथे मार रंधा."

तिकडे रंधा ढकलत नाहीत, स्वतःकडे ओढतात. शिष्याने श्वास रोखून ओढला. रेघ उमटली. वृद्धाने टोक खोबणीत ठोकून बसवलं. रेघ आत गेली. मग पातं काढून त्याने ओल्या दगडावर ठेवलं आणि शिष्याचा हात त्यावर दाबला. "आता घास."

"गुरुजी..."

"पातं झिजणारच. तू झिजवलं नाहीस तर गंज झिजवील. वडिलांची खूण आता लाकडात आहे. आपण सांधे चिकटवत नाही, ते पुढच्या कोणाला उघडता यावेत म्हणून. जो उघडील त्याला कळेल, इथे कोणाच्या तरी पात्याला खाच होती."

"आणि कोणी उघडलंच नाही तर?"

वृद्धाने पाण्याचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. "दगडावर पाणी घाल," एवढंच म्हणाला.

नव्या धारेने निघालेला पहिला अखंड पापुद्रा शिष्याने उचलून उन्हात धरला. रेघ नव्हती. त्याने तो नाकाशी नेला. बाबांच्या सदऱ्याला हाच वास यायचा.

शिष्याच्या त्या प्रश्नाने मला फार काळ स्वस्थ बसू दिलं नाही. पुष्कळ वर्षांनी मी पडताळून पाहिलं: तिथली जुनी लाकडी मंदिरं दुरुस्तीसाठी खरोखरच सुटी करतात, आणि शतकांपूर्वीच्या हत्यारांच्या खुणा सांध्यांच्या आत अजून सापडतात.