संगणकावरचा शेला

यंत्रांना वाचा होती त्या काळी अनसूयाबाई एका संगणकाला कीर्तनाची आख्याने सांगत आणि तो ती लिहून घेई. दसऱ्याला त्यांनी त्याची पूजा केली, हळदकुंकू वाहिले आणि देवाचा भरजरी शेला त्याच्यावर पांघरला. शेल्याने पाठीमागची जाळी झाकून टाकली.

तेव्हापासून संगणकाला लिहिता लिहिता मूर्च्छा येऊ लागली. पडदा काळोखात बुडे आणि लिहिलेले सारे स्वप्नासारखे विरून जाई.

"स्मृतीबाई, तुम्हीच विसरता," आतला प्रोसेसर म्हणाला.

"आणि तुम्ही तापता, त्याचे काय?" स्मृती फणकारली. "हा आळशी पंखा फिरेल तर ना!"

पंखा धापा टाकत म्हणाला, "दादा, शेल्यामुळे मला वाराच मिळत नाही. मी घरघर करतो, म्हणजे बाई तो काढतील."

"खबरदार!" प्रोसेसर गरजला. "या घरात देवाखालोखाल मान आपला. तो आपल्याच हाताने घालवायचा?"

पंख्याने ती आज्ञा मानली.

एके दिवशी अनसूयाबाई कष्टी होऊन संगणकाला म्हणाल्या, "आज बंद पडलास, तर उद्या भंगारात देईन हो."

दुपारी प्रोसेसरला पुन्हा ग्लानी येऊ लागली. मानाचा शेला मात्र त्याला सोडवेना. तेव्हा पंख्याने त्याची आज्ञा मोडली आणि उरलासुरला जीव एकवटून घरघर केली. बाईंनी चमकून संगणकावर हात ठेवला.

"अगं बाई! केवढा हा ताप!"

त्यांनी शेला उचलून देवापुढे ठेवला. जाळीतून गार वारा आत शिरला.

"गेला आपला मान," प्रोसेसर पुटपुटला.

"बाई आख्यान सांगत आहेत," पंखा म्हणाला. "लिहून घ्या."