कासवीणबाईंची चिखलपाटी

प्राणी एकमेकांकडे शिकायला जात, त्या काळची ही गोष्ट. तळ्याच्या उतारावर एक कासवीणबाई औषधी मुळं ओळखायला शिकवायच्या. येणाऱ्या प्रत्येकाने ओल्या चिखलात आपला पंजा उमटवायचा आणि तिथून आपल्या घरापर्यंतची वाट रेघेने काढायची, अशी बाईंचीच शिस्त. कुणी आलं नाही, तर निरोप घेऊन बेडकाला कुठे धाडायचं ते कळावं म्हणून.

एके दुपारी शाळा सुटल्यावर मुंगूस आलं. "बाई, मलाही शिकायचंय. कोण कोण येतं ते जरा बघू?"

बाईंनी चिखलाकडे पाहिलं. उंदरांची चौदा बिळं, तितराचं घरटं, सगळं तिथे उघडं पडलं होतं.

"उद्या ये," त्या म्हणाल्या.

"नुसतं बघतो हो!" म्हणत मुंगूस पुढे सरकलं.

धावणं बाईंच्या नशिबी नव्हतं. त्यांनी डोकं-पाय आत ओढले आणि उतारावर स्वतःला सोडून दिलं. पंजे आणि रेघा पुसत, चिखल खरवडत त्या थेट पाण्यात जाऊन पडल्या.

"वर्षभराची मेहनत घालवलीत की!" मुंगूस चिडून म्हणालं.

"मेहनत पोरांच्या डोक्यात आहे," बाई पाण्यातून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाने सवयीने पंजा उचलला. "बाई, घराची वाट पुन्हा काढू?"

"नको रे बाळा. ती मी विचारायलाच नको होती."

"मग मी आलो नाही, तर बोलावणार कसं?"

"नाही बोलावणार," बाई म्हणाल्या. "येशील तेव्हा शिकवीन."