आबासाहेबांचा उजवा हात

सुस्वर मोबाइल कंपनीचे मालक आबासाहेब खासनीस सत्तरी उलटली तरी खुर्ची सोडत नव्हते. त्यांच्या वयाला सगळे मान देत होते, त्यांचा फोन मात्र कोणी विकत घेत नव्हतं. नव्या कंपन्यांनी बाजार काबीज केला, तेव्हा त्यांनी भरसभेत कर्मचाऱ्यांना सुनावलं, "लोक आपल्याला विसरलेत. नव्या फोनचं काम बंद! सगळा पैसा जाहिरातीत घाला."

तो नवा फोन रेवती गायधनी घडवत होती. ती उठली. "लोक काही विसरलेले नाहीत, आबासाहेब."

"कालची पोर तू! आत्ता इथं सिद्ध कर, नाहीतर राजीनामा दे."

रेवतीनं माइकपाशी जाऊन सुस्वरची जुनी रिंगटोन वाजवली. सभागृह खुललं, आबासाहेबांनी तर मान डोलवली. मग तिनं एका नव्या कंपनीची रिंगटोन वाजवली. सगळ्यांचे हात पटापट खिशाकडे गेले. आबासाहेबांचाही उजवा हात कोटाच्या खिशात गेला.

"आपली आठवण सगळ्यांना आहे," रेवती म्हणाली, "पण आपली रिंगटोन ऐकून खिसा कोणीच चाचपला नाही. आता जाहिरात कोणाला दाखवायची, तुम्हाला?"

नव्या फोनला तिथंच मंजुरी मिळाली. सही मात्र आबासाहेबांनी डाव्या हातानं केली. उजवा खिशातून बाहेर काढायची त्यांची छाती झाली नाही.