धाकलीबाय आणि मागची होडी

फार वर्षांपूर्वी, पल्याडचं शहर अजून शहर झालं नव्हतं तेव्हा, आमच्या तिवरपाड्यात धाकलीबाय नावाची कोळीण राहायची. नाव धाकली, पण आख्ख्या पाड्यात तिच्याहून म्हातारं कुणी नव्हतं. समुद्र आणि पाडा यांच्या मधे आमची खाडी पसरट तळ्यासारखी आहे, वर पाणी आणि खाली गाळ. त्यात धाकलीबाय आपली लहानशी होडी घालायची, वल्हं आडवं ठेवायची आणि पाखरं बघत बसायची. दुर्बीण नाही, वही नाही. आज शहरातून लोक पैसे देऊन हेच करायला येतात, तेव्हा मात्र तिला वेडी म्हणायचे.

"पाखरां बगून पोट भरतं का गो?" पोशा नाखवा तिला चिडवायचा. सात होड्यांच्या ताफ्याचा तो म्होरक्या, अंगापिंडाने दांडगा आणि तोंडाने त्याहून.

"पानी कवरं हाय ते पाखराच्या पायाला इचार," ती म्हणायची. बगळा घोट्यापर्यंत बुडाला तर तिथे गाळ, लांब पायांचा गुलाबी रोहित मांडीपर्यंत बुडाला तर होडीपुरतं पाणी, आणि बदक तरंगलं की खोल वाट. दर पावसाळ्यानंतर गाळ सरकायचा, वाट बदलायची, पण पाखरांना ती बरोबर कळायची.

एका हिवाळ्यात जाळ्यांत मासळी येईना. पोशा म्हणाला, पाखरांनीच खाल्ली. झालं, सगळा पाडा पितळी थाळ्या घेऊन काठच्या तिवरांच्या झाडीत शिरला आणि आठ दिवस बडवत राहिला. धाकलीबाय एकेकाचा हात धरून विनवत होती. कुणी ऐकलं नाही. नवव्या दिवशी खाडीवर एक पंख उरला नाही. असं म्हणतात, त्या दिवशी ती जेवली नाही.

मग अवकाळी वादळ आलं. सातही होड्या बाहेर समुद्रात होत्या. त्या खाडीच्या तोंडाशी आल्या तेव्हा ओहोटी लागलेली, पाणी गढूळ, आणि मागून लाटा. आता पंचाईत कळली. इतकी वर्षं नाखवे येता जाता पाखरांवर नजर टाकूनच वाट धरत होते. डोळ्यांना सवय झालेली, आणि माणसांना वाटत होतं ती आपलीच अक्कल. गाळात रुतलं तर मागची लाट होडी पालथी करणार. काठावर बायका नुसत्या उभ्या होत्या.

धाकलीबायने होडी लोटली. पाखरं गेली होती त्या पल्याडच्या दलदलीपाशी जाऊन तिने हात जोडले. "चुकलं त्यांचं. पन त्या होड्यांत आमची मानसां हायत."

असं म्हणतात, आभाळ आधी पांढरं झालं, मग गुलाबी. बगळे आले, रोहित आले, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना ओळ धरून उभे राहिले. वाऱ्याने पिसं उलटी होत होती, पण एकाने पाय उचलला नाही. फक्त वळणावर गाळ इतका मऊ होता की तिथे पाखरूही ठरेना. तिथे धाकलीबाय स्वतः उतरून उभी राहिली.

एकेक होडी तिला उजवीकडे ठेवून आत आली. गाळ तिच्या गुडघ्यांवरून कमरेला आला. सहाव्या होडीवरून ओरडले, "चल, चढ!"

"अजून येक हाय," ती म्हणाली.

सातवी पोशाची होती. शीड फाटलं म्हणून मागे पडलेली. ती वळणावर आली तेव्हा गाळ म्हातारीच्या छातीला लागला होता.

कुणी म्हणतात, तिथेच तिची बगळी झाली आणि ती उडून गेली. मला ते पटत नाही. आमच्या घरात सांगतात की पोशाने तिच्या काखेत दोर घातला, तिला वर ओढलं आणि काठापर्यंत तो लहान पोरासारखा रडत वल्हवत आला. ती इतकंच म्हणाली, "आता थाळ्या जेवायला घ्या." पुढे ती बारा वर्षं जगली. पाड्याने तिला एक दिवस उपाशी झोपू दिलं नाही.

आता खाडीत पाखरं दाखवायच्या होड्या आम्हीच चालवतो. त्या वळणावर इंजिन बंद करतो, तिचं नाव घेतो आणि वल्ह्याने पुढे जातो. परत आलो की मागची होडी येईपर्यंत धक्क्याला कुणी दोर बांधत नाही, कुणी उतरत नाही. शहरातली माणसं घड्याळ बघतात, कुरकुरतात. मी त्यांना सांगतो, जरा बसा. पोशा नाखवा माझ्या पणजोबाचा बाप. त्याचं लग्न त्या वादळानंतर झालं. त्या मागच्या होडीत आमचं सगळं घर होतं, जन्माला यायचं राहिलेलं.